आपल्याच अक्षरावरचा विश्वास

2000 साली अमेरिकेतल्या वितरकांना ‘मेमेंटो’ दाखवला गेला तेव्हा त्याचं कौतुक झालं, पण तो घ्यायला कुणी पुढे आलं नाही. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन जेमतेम तिशीचा होता. नावावर ‘फॉलोइंग’ (1998) हा एकच पूर्ण लांबीचा चित्रपट, तोही लंडनमध्ये आपापल्या नोकऱ्या सांभाळून सुटीच्या दिवशी जमणाऱ्या मित्रांना घेऊन केलेला. ‘मेमेंटो’चा खर्च सुमारे 45 लाख डॉलर आणि चित्रीकरण 25 दिवसांचं. हॉलिवूडच्या हिशेबात हा छोटा मामला. वितरकांची भीतीही अनाठायी म्हणता येत नाही. गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सरकते, नायकाला काही मिनिटांपूर्वीचं आठवत नाही, आणि पडदा पडल्यावरही खरा गुन्हेगार कोण याचं एकच एक उत्तर हाती लागत नाही. असा चित्रपट तिकीट काढून कोण बघणार, हा धंद्यातल्या माणसाचा प्रश्न रास्त होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेवटी ज्या न्यूमार्केट कंपनीने चित्रपटाला पैसा पुरवला होता तिनेच वितरणाचीही जबाबदारी घेतली. 16 मार्च 2001 रोजी अमेरिकेत तो अवघ्या 11 चित्रपटगृहांत लागला. मग माणसं एकमेकांना सांगू लागली, पाहिलेले पुन्हा जाऊन पाहू लागले आणि चित्रपटगृहांचा आकडा पाचशेच्या पुढे गेला. उत्तर अमेरिकेत अडीच कोटी डॉलर, जगभरात चार कोटींच्या आसपास. 2002 मध्ये मूळ पटकथा आणि संकलन या दोन विभागांत ऑस्करची नामांकनं मिळाली. पुढचा नोलन सगळ्यांना माहीत आहे. पण बॅटमन, स्वप्नांत शिरणारे चोर आणि ओपेनहायमर या सगळ्यांच्या आधी हा मोटेलच्या खोलीत बसून स्वतःच्या मांडीवर सुईने गोंदवून घेणारा माणूस होता.

या पुस्तकात त्या चित्रपटाची दृश्यागणिक उकल आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. ‘मेमेंटो’ची ख्याती त्याच्या उलट्या क्रमामुळे झाली आणि त्याच ख्यातीने त्याचं थोडं नुकसानही केलं. कोडं सोडवायचा चित्रपट म्हणून लोक त्याच्याकडे पाहतात आणि कोडं सुटलं की बाजूला ठेवतात. माझ्या मते हा विस्मरणापेक्षाही विश्वासावरचा चित्रपट आहे. आठवण हाताशी नसलेला माणूस कशावर विसंबून जगतो, आणि ज्यावर विसंबतो ते खोटं निघालं तर दोष कुणाचा, हा त्याचा विषय आहे. उलटा क्रम त्या प्रश्नापर्यंत पोचण्याची वाट आहे.

आपल्या प्रेक्षकाला पडद्यावरचं विस्मरण नवं नाही. हिंदी चित्रपटांत ती बराच काळ पटकथेची सोय होती. डोक्याला मार लागला, स्मृती गेली. दुसरा मार लागला, परत आली. मधल्या काळात कथेला जी वळणं हवी होती ती घेऊन झाली. ‘सदमा’सारख्या (1983) चित्रपटाने त्याच सोयीतून खरं दुःख उभं केलं, पण तिथेही विस्मरण येतं आणि जातं ते कथेच्या गरजेप्रमाणे. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने हा विषय फार गांभीर्याने हाताळला. डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक अल्झायमरने हळूहळू स्वतःपासून दूर जातात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात, ते दृश्य पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. तो आजार आयुष्यभराचा साठाच पोखरत जातो. ‘मेमेंटो’तल्या लेनर्ड शेल्बीचं दुखणं याच्या उलट आहे. हल्ल्याआधीचं सगळं त्याला स्वच्छ आठवतं: बायको, घर, विमा कंपनीतली नोकरी, दाव्यांची चौकशी करताना माणसांचे डोळे वाचायची सवय. बायकोवर हल्ला झाला त्या रात्री डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून नवीन काही टिकत नाही. लक्ष आहे तोवर गोष्ट आहे. लक्ष दुसरीकडे गेलं की सगळं पुसलं. बायको जाऊन किती दिवस झाले हेही त्याला सांगता येत नाही. त्यामुळे त्याचं दुःख कधी जुनं होत नाही.

हा आजार लेखकाने कल्पनेतून काढलेला नाही. 1953 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात विल्यम स्कोविल या शल्यविशारदाने फेफऱ्यावर उपाय म्हणून 27 वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा हिस्सा गेला. झटके कमी झाले, पण नवीन आठवण तयार होणंच थांबलं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं हा माणूस शास्त्रीय निबंधांत ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी वावरला. हेन्री मोलेसन हे नाव 2008 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जाहीर झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून एक प्रयोग करून घेतला. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायची. आरशात डावं-उजवं उलटं होत असल्याने सुरुवातीला सगळ्यांचाच हात चुकतो. दिवसागणिक हेन्रीचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. हाताला येत होतं, डोक्याला ठाऊक नव्हतं. स्मरण ही एकसंध गोष्ट नाही. प्रसंगांची आठवण आणि अंगवळणी पडलेली सवय यांची मेंदूतली घरं वेगवेगळी आहेत, हे या एका माणसामुळे विज्ञानाला कळलं.

चित्रपटाचा निम्मा डोलारा याच शोधावर उभा आहे. लेनर्ड सवयीवर जगतो. ठरलेल्या खिशात ठरलेली वस्तू, पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेले फोटो, फोटोखाली शाईने लिहिलेल्या सूचना, आणि जे कधीच हरवता कामा नये ते कातडीवर गोंदवलेलं. आणि तो पुनःपुन्हा सॅमी जँकिसची गोष्ट सांगतो. विम्याच्या नोकरीत असताना आलेलं हे प्रकरण. सॅमीलाही हाच आजार. विजेचा सौम्य झटका देणाऱ्या वस्तू टाळायला त्याचा हात शिकतो का, हे पाहण्यासाठी चाचणी झाली आणि हात शिकला नाही. म्हणजे बिघाड शरीराचा नाही, मनाचा आहे, असा निष्कर्ष लेनर्डने काढला आणि कंपनीने दावा नाकारला. स्मृतिभ्रंशावरच्या चित्रपटांत वैद्यकीय दृष्टीने किती तथ्य असतं याचा आढावा ब्रिटनमधल्या तज्ज्ञ सॅली बॅक्सेन्डेल यांनी 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये घेतला होता. बहुतेक चित्रपट त्यांच्या कसोटीला उतरले नाहीत. ज्या मोजक्यांना त्यांनी मान दिला त्यांत ‘मेमेंटो’ होता.

कल्पना मूळची धाकट्या भावाची, जोनाथन नोलनची. तो विद्यार्थी असताना मानसशास्त्राच्या वर्गात या आजाराविषयी शिकला होता. 1996 मध्ये दोघे भाऊ मोटारीने शिकागोहून लॉस एंजेलिसला निघाले असताना वाटेत त्याने ती सांगितली. मग एकाने लघुकथा लिहायला घेतली, दुसऱ्याने पटकथा. लघुकथा छापून आली ती चित्रपट तयार झाल्यानंतर, म्हणूनच ऑस्करमध्ये ही पटकथा ‘मूळ’ विभागात गेली. कथेतल्या नायकाचं नावसुद्धा वेगळं आहे. घरातल्या घरात एकाच बीजातून दोन वेगळी झाडं उगवली, आणि दोन्ही उभी राहिली.

आता बांधणीविषयी. चित्रपटात दोन धागे आळीपाळीने येतात. कृष्णधवल दृश्यं सरळ क्रमाने पुढे जातात: लेनर्ड मोटेलच्या खोलीत आहे आणि फोनवर कुणाशी तरी बोलतो आहे. रंगीत दृश्यं उलट्या क्रमाने मागे जातात: आधी परिणाम दिसतो, मग त्याआधीचा प्रसंग, मग त्याच्याही आधीचा. अगदी पहिल्या दृश्यात पोलरॉइडवरचं चित्र हळूहळू पुसट होत जातं, गोळी परत बंदुकीत शिरते. चित्रफीत अक्षरशः उलटी चालते ती तेवढ्याच ठिकाणी. बाकी प्रत्येक रंगीत दृश्य आतल्या आत सरळच चालतं. फक्त त्याच्या आधी काय घडलं ते आपल्याला माहीत नसतं. आणि नेमकं तेच लेनर्डला माहीत नसतं. सर्वसाधारण रहस्यपटात पुढे काय होणार याची उत्कंठा असते. इथे पुढचं ठाऊक असतं. आत्ता जे दिसतंय ते का घडतंय, एवढाच प्रश्न सतत छळतो. लेनर्ड धावतो आहे, कुणाच्या मागे की कुणापासून, हे त्याला धावता धावताच ठरवावं लागतं आणि आपल्यालाही. हातात दारूची बाटली आहे, पण नशा चढल्यासारखं वाटत नाही. का, याचं उत्तर पुढच्या, म्हणजे आधीच्या, दृश्यात मिळतं.

हे प्रेक्षकाला झेपलं ते संकलक डोडी डॉर्न यांच्यामुळे. रंगीत दृश्याचा आरंभ पुढच्या रंगीत दृश्याच्या अखेरीस पुन्हा येतो. एखादी हालचाल, दाराचा आवाज, तेच वाक्य. या सांध्यावर आपला पाय टेकतो आणि कळतं की आपण कुठे आलो. सांधा एखादा क्षण लांबला असता तर कंटाळा आला असता, कमी पडला असता तर प्रेक्षक हरवला असता. कॅमेरामन वॉली फिस्टर यांनी नोलनसोबत काम सुरू केलं ते या चित्रपटापासून, आणि ही जोडी 2012 पर्यंत टिकली. डेव्हिड ज्युलियन यांचं संगीत इतकं मागे राहतं की त्याची आठवण वेगळी काढावी लागते.

लेनर्ड झालेल्या गाय पिअर्सच्या कामाविषयी मात्र अजून पुरेसं बोललं गेलेलं नाही असं मला वाटतं. प्रत्येक दृश्यात त्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे. मागच्या दृश्यातला राग, भीती, ओळख यांचं काहीही चेहऱ्यावर उरता कामा नये, आणि तरी माणूस तोच वाटला पाहिजे. पिअर्सने त्यासाठी एक सभ्यपणा शोधून काढला. लेनर्ड कुणाशीही बोलताना आपल्या आजाराविषयी अदबीने, पाठ केल्यासारखं सांगतो. याच सभ्यपणामुळे आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि पुढे त्याची किंमत मोजतो.

चित्रपटातलं सर्वांत क्रूर दृश्य रक्ताचं नाही. नॅटली (कॅरी-अ‍ॅन मॉस) ही बारमध्ये काम करणारी बाई. लेनर्डने तिच्या फोटोमागे लिहून ठेवलंय की हिनेही कुणाला तरी गमावलं आहे, ही दयेपोटी मदत करील. पुढे आपल्याला दिसतं की आधीच्या एका प्रसंगात ती घरातली सगळी पेनं गोळा करून पर्समध्ये टाकते आणि मग लेनर्डला, त्याच्या मृत बायकोला, वाटेल ते बोलते. तो चिडून तिला मारतो. ती रक्ताळलेल्या ओठांनी बाहेर जाऊन मोटारीत शांत बसते. आत लेनर्ड वेड्यासारखा लिहायला काहीतरी शोधतो आहे: हे लिहून ठेवलं पाहिजे, हे विसरता कामा नये. पेन मिळत नाही. लक्ष ढळतं. ती परत येते, रडत, आणि सांगते की दुसऱ्याच माणसाने आपल्याला मारलं. तो तिला धीर देतो, आणि त्या दुसऱ्या माणसाचा बंदोबस्त करायला निघतो. हे दृश्य उलट्या क्रमाने आल्यामुळेच इतकं हादरवतं. कारण त्याआधी आपण नॅटलीचा सुजलेला चेहरा पाहून कळवळलेले असतो. तिने लेनर्डला फसवलं, आणि त्याच क्षणी आपल्यालाही.

कालिदासाचं ‘शाकुंतल’ इथे आठवतं. दुष्यंताची स्मृती शापाने जाते आणि अंगठीने परत येते. वस्तू साक्ष देते, माणूस विसरला तरी ती विसरत नाही, आणि तिची साक्ष खरी असते. आपल्या परंपरेत खुणेवरचा हा भरवसा खोल रुजलेला आहे. ‘मेमेंटो’त खुणाच खुणा आहेत: फोटो, पावत्या, बारमधल्या ग्लासाखालचा पुठ्ठा, गाडीचा क्रमांक, छातीवरची अक्षरं. लेनर्डचा दावा असा की आठवण बेभरवशाची असते, वस्तुस्थिती टिकाऊ. म्हणून मी लिहून ठेवतो. त्याचं म्हणणं ऐकताना ते पटतंही. पण अंगठी शकुंतलेच्या बोटातून पडली आणि मासोळीच्या पोटात गेली, तिच्यावर दुष्यंताच्या नावापलीकडे कुणी काही लिहिलेलं नव्हतं. लेनर्डच्या फोटोखालचा मजकूर लिहिणारा माणूस आहे. तो रागावलेला असू शकतो, थकलेला असू शकतो, खोटं बोलायचं ठरवू शकतो.

आपल्याकडे हा आजार घराघरात पोचला तो ‘गजनी’मुळे. ए. आर. मुरुगदास यांनी 2005 मध्ये तमिळमध्ये सूर्याला घेऊन आणि 2008 च्या नाताळात हिंदीत आमीर खानला घेऊन तो केला. अंगावरची गोंदणं, पोलरॉइड, मिनिटांपुरती स्मृती, बायकोऐवजी प्रेयसी आणि सूड. हिंदी ‘गजनी’ने देशात 100 कोटींचा टप्पा ओलांडला, तोवर कुठल्याही हिंदी चित्रपटाला ते जमलं नव्हतं. ‘गजनी’ची ताकद त्याच्या प्रेमकथेत आहे आणि ती प्रामाणिक आहे. पण दोन्ही चित्रपटांत एक मूलभूत फरक आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय ‘मेमेंटो’ कळत नाही. ‘गजनी’त खलनायक कोण हे आपल्याला आधीच माहीत असतं, नायक विसरला तरी प्रेक्षक विसरत नाही, आणि सूड बरोबर माणसावरच उगवला जाणार याची खात्री असते. तिथे प्रेक्षक नायकाची स्मृती सांभाळतो. नोलन प्रेक्षकाकडून तेच काम काढून घेतो.

इथून पुढे शेवटाविषयी लिहिणं भाग आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

कृष्णधवल धागा आणि रंगीत धागा शेवटी एका पडीक इमारतीत भेटतात. लेनर्ड एका माणसाचा गळा दाबून जीव घेतो, त्याचा फोटो काढतो, आणि पोलरॉइडवर चित्र उमटत असताना पडद्यावर रंग चढतो. इतका साधा, इतका नेमका सांधा मी क्वचित पाहिला आहे. मग लेनर्डचा मित्र म्हणवणारा टेडी (जो पँटोलिआनो) येतो आणि सांगतो की खरा गुन्हेगार वर्षापूर्वीच तुझ्या हातून मेला. बायको त्या हल्ल्यातून वाचली होती. सॅमीची म्हणून जी गोष्ट सांगतोस त्यातली बायकोला दिलेली इन्सुलिनची इंजेक्शनं तुझ्याच घरातली आहेत. टेडी खरं बोलतो आहे का? चित्रपट त्यावर शिक्का मारत नाही. पण सॅमी रुग्णालयातल्या खुर्चीत बसलेला दिसतो त्या दृश्यात क्षणभर, पापणी लवली तर निसटेल इतका वेळ, त्याच्या जागी लेनर्ड बसलेला दिसतो.

आणि मग ते घडतं ज्यासाठी हा चित्रपट मला मोठा वाटतो. लेनर्डला त्या काही मिनिटांपुरतं सगळं माहीत आहे. ते लवकरच पुसलं जाणार हेही त्याला माहीत आहे. तो फोटो जाळतो, टेडीच्या फोटोखाली त्याच्यावर विश्वास ठेवू नये असं लिहितो, आणि त्याच्या गाडीचा क्रमांक गोंदवून घेण्यासाठी टिपून ठेवतो. उद्याच्या स्वतःला तो आज फसवतो, कारण उद्याचा लेनर्ड आपल्याच अक्षरावर डोळे मिटून विश्वास ठेवणार आहे. आजाराने त्याला असहाय केलं, पण खुनी त्याने स्वतःला केलं, तेही पूर्ण शुद्धीत. सुरुवातीला पाहिलेला टेडीचा खून आता वेगळाच दिसू लागतो. विस्मरण हे कारण म्हणून पुढे करून माणसाची जबाबदारी हलकी करण्याचा मोह फार मोठा असतो. या चित्रपटाने तो टाळला.

2002 मध्ये निघालेल्या एका डीव्हीडी आवृत्तीत चित्रपट सरळ क्रमाने पाहण्याची सोय दडवून ठेवली होती. ती पाहिली की उलट्या क्रमाचं महत्त्व पटतं. सरळ क्रमात लेनर्ड लबाडी करतो आणि त्या लबाडीच्या वाटेने एक खून करतो, एवढंच उरतं. आपण त्याला बाहेरून पाहतो आणि दोषी ठरवून मोकळे होतो. मूळ क्रमात आपण दोन तास त्याच्या बाजूने असतो, त्याच्याइतकेच अंधारात असतो, त्याच्या फोटोंवर आपलाही विश्वास बसलेला असतो. म्हणून निकाल लागतो तेव्हा तो आपल्यावरही लागतो.

पुस्तकाच्या लेखकाने दृश्यांचे तक्ते तयार केले आहेत, ते उपयोगी आहेत. कुठल्या खुणेचा उगम कुठल्या दृश्यात, लेनर्डचे कपडे आणि मोटार त्याच्याकडे कुठून आली, मोटेलच्या कर्मचाऱ्याने त्याच्या नावे दोन खोल्या का लावल्या, या सगळ्याची नीट मांडणी पुढे मिळेल. कुठे लेखकाशी माझे मतभेदही आहेत. टेडीचं म्हणणं संपूर्ण खरं मानावं असा त्याचा कल आहे; मला वाटतं, नोलनने ते मुद्दाम अर्धवट ठेवलं आहे आणि तसंच राहू द्यावं. वाचकाने आपलं मत आपण ठरवावं.

एक विनंती आहे. चित्रपट पाहिला नसेल तर हे पुस्तक मिटून ठेवा आणि आधी तो पाहा, एका बैठकीत, मध्ये न थांबवता आणि टिपणं न काढता; गोंधळ झाला तर होऊ द्या. काही दिवसांनी दुसऱ्यांदा पाहा, आणि त्या वेळी लेनर्डवरून नजर काढून नॅटली, टेडी आणि मोटेलचा कर्मचारी यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवा. तक्त्यांची पानं त्यानंतर उघडा.